बीएस्सीचे टक्के कुणी विचारत नाही

बीएस्सी झालेली आहे. टक्के पंचावन्नच्या आसपास, मधल्या वर्षी एक-दोन विषय एटीकेटीत अडकलेले, आणि बारावीनंतर ‘नंबर लागला नाही’ म्हणून बाजूला ठेवलेलं एमबीबीएस मनातून काही गेलेलं नाही. सोलापूरच्या कुठल्याही अभ्यासिकेत अशी दोन-चार मुलं भेटतातच. समोर एमपीएससीचं पुस्तक उघडं असतं आणि वहीच्या शेवटच्या पानावर नीटचे कटऑफ लिहिलेले असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे, कारण या निर्णयात घरचा पैसा आणि घरची वर्षं दोन्ही लागतात.

या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पदवीला मार्क कमी आहेत, मेडिकलला चालेल का?’ चालेल. एमबीबीएसच्या प्रवेशात पदवीचे मार्क कुठेच मोजत नाहीत. गुणवत्ता यादी लागते ती नीट-यूजीच्या गुणांवर. दोघांचे गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे गुण बघतात. बीएस्सीची गुणपत्रिका तिथेही कुणी काढत नाही. म्हणून ‘आधी एमएस्सीला चांगले मार्क पाडतो, मग मेडिकलचं बघतो’ हा बेत डॉक्टर होण्यासाठी निरुपयोगी आहे. एमएस्सी करायची तर एमएस्सीसाठी करावी.

ही समजूत पुष्कळदा अमेरिकेतून येते. सोलापुरातल्या बऱ्याच घरांत कुणाचा तरी मावसभाऊ न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासमध्ये असतो, आणि तो फोनवर सांगतो की आमच्याकडे ग्रेड कमी असले तर पोस्टबॅक करतात. तो खोटं सांगत नाही, पण ते सगळं तिकडचं आहे. तिकडे डॉक्टर व्हायला आधी चार वर्षांची पदवी आणि त्यावर चार वर्षांचं मेडिकल स्कूल. प्रवेश देताना पदवीचा जीपीए बघतात, विज्ञान विषयांचा जीपीए वेगळा काढतात, आणि एमकॅट नावाची परीक्षा असते तिचे ४७२ ते ५२८ या पट्टीवरचे गुण बघतात. ज्याचा जीपीए घसरला त्याला तो पदवीनंतरही वर्ष-दोन वर्षं विज्ञानाचे विषय घेऊन वर आणता येतो. त्यालाच पोस्टबॅकलॉरिएट अभ्यासक्रम म्हणतात. त्यात दोन जाती आहेत. एक ज्यांनी पदवीला विज्ञान घेतलंच नव्हतं त्यांच्यासाठी, दुसरी ज्यांनी घेतलं पण नीट केलं नाही त्यांच्यासाठी. याशिवाय मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखाच अभ्यास करून घेणारे एका वर्षाचे मास्टर्स अभ्यासक्रम असतात; जॉर्जटाऊन विद्यापीठाचा त्यातला जुना.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलं तिकडेच वाढलेली असतील तर त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. एमडीच्या कॉलेजांचा सामायिक अर्ज जुने ग्रेड पुसत नाही. विषय पुन्हा घेतला तरी दोन्ही वेळचे ग्रेड मोजले जातात. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे, तीही सोय २०१७मध्ये बंद झाली. त्यामुळे चार वर्षांचा घसरलेला जीपीए एका वर्षात फारसा हलत नाही. प्रवेश समिती बघते ती अलीकडच्या विषयांतली चढती रेघ. म्हणून आधी थोडे विषय घ्यावेत, त्यात ए मिळतो का ते बघावं, आणि मगच वाढवावेत. एका वर्षाचं मास्टर्स सगळ्यात शेवटी. ते महाग असतं, आणि तिथेही बी-सी पडले तर पुढे दाखवायला काही उरत नाही. टेक्सासच्या रहिवाशांना मात्र दहा वर्षांहून जुने ग्रेड संपूर्ण बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात करायची कायदेशीर सोय आहे. त्यात चांगले जुने ग्रेडही जातात, एवढं लक्षात ठेवायचं.

सोलापुरातून बीएस्सी करून तिकडे पोस्टबॅकला जावं का? माझा सल्ला नको असा आहे. तिथली बहुतेक एमडी कॉलेजं परदेशी नागरिकांना घेत नाहीत, आणि घेतात ती आधी अमेरिकेत शिकलेले विषय मागतात. इतका खर्च करून दार उघडेलच असं नाही. इथे एमबीबीएस करून पुढे यूएसएमएलई ही तिकडची परवाना परीक्षा देणं हाच आपल्या मुलांचा मळलेला रस्ता आहे.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे मार्ग अडतो तो बारावीपाशी आणि नीटपाशी.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या ग्रुपला मिळून खुल्या प्रवर्गात ५० टक्के लागतात, म्हणजे ३००पैकी १५०. मागासवर्गीयांना ४० टक्के, म्हणजे १२०. ईडब्ल्यूएसला ही सवलत नाही, त्यांना ५०च लागतात. हे दरवर्षी कुणाला तरी फॉर्म भरताना कळतं. इंग्रजीत उत्तीर्ण असणंही आवश्यक आहे. पदवी झालेल्या मुलाच्या डोक्यात बारावीचा एकूण टक्का पक्का असतो, ग्रुपची बेरीज विस्मरणात गेलेली असते. मराठीनं आणि पर्यावरणानं वर ओढलेल्या एकूण टक्क्यावर भरवसा ठेवू नका. गुणपत्रिका काढा आणि तीन आकड्यांची बेरीज करा.

बेरीज कमी भरली तर काय? राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, पण तिच्या संधी मोजक्या असतात आणि त्या उत्तीर्ण झाल्यानंतरच्या लगतच्या परीक्षांपुरत्याच असतात. बारावी होऊन तीन-चार वर्षं गेलेल्यांना ती बहुधा मिळत नाही. मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा पर्याय राहतो. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीटला बसू न देणारा जुना नियम आता राहिलेला नाही. तिथे नाव घालताना राज्य कोट्याच्या अटी समोर ठेवूनच केंद्र निवडा. त्या अटींकडे पुढे येतोच.

बारावीला बायोलॉजीच नव्हतं, गणित घेऊन बीएस्सी कॉम्प्युटर केलं आणि आता डॉक्टर व्हावंसं वाटतं, अशीही मुलं भेटतात. पूर्वी त्यांना सरळ नाही म्हणून सांगावं लागे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २२ नोव्हेंबर २०२३च्या जाहीर सूचनेनं हे बदललं. बारावी झाल्यानंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालं तरी नीटला बसता येतं. राज्य मंडळाच्या फॉर्मवर ‘तुरळक विषय’ नावाचा प्रकार असतो, तो यासाठीच उपयोगी पडतो. बायोलॉजीला प्रात्यक्षिक आहे, म्हणून फॉर्म भरण्याआधी ज्या कनिष्ठ महाविद्यालयातून बसणार तिथल्या प्रयोगशाळेत कुणाकडे जायचं ते विचारून घ्या.

वयाची वरची अट नाही. मध्यंतरी २५ आणि ३० वर्षांची मर्यादा होती, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटी आयोगानंच ती काढून टाकली आणि २०२२पासून नीटच्या फॉर्मवर कमीत कमी १७ वर्षांची अटच उरली. किती वेळा बसायचं यावरही बंधन नाही. स्टेट बँकेतून निवृत्त झालेले ओडिशाचे जयकिशोर प्रधान २०२०मध्ये ६४व्या वर्षी नीट उत्तीर्ण होऊन बुर्लाच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला गेले, ही बातमी पुष्कळांनी वाचली असेल. आपल्याकडच्या रखमाबाईंचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. १८६४चा जन्म, लग्नाच्या खटल्यात ऐन तारुण्याची वर्षं गेलेली, आणि लंडनच्या वैद्यकीय शाळेत पाऊल ठेवलं ते १८८९मध्ये. १८९४ साली डॉक्टर होऊन पुढे सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं.

नियमात वय नसलं तरी हिशेब करावाच लागतो. एकविसाव्या वर्षी बीएस्सी, एक वर्ष तयारीचं, बावीस-तेवीसला प्रवेश. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून झालं तर एक वर्षाच्या सेवेचा बाँड. म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी नुसते एमबीबीएस. एमडी-एमएस करायचं तर आणखी तीन वर्षं, शिवाय त्या प्रवेशाची तयारी वेगळी. बहिणीचं लग्न, घराचं कर्ज, वडिलांची निवृत्ती यांतलं काय काय या दहा वर्षांत येतं ते एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद घरच्यांसमोर ठेवा. मुलीच्या बाबतीत घरात वयाचा विषय आधी निघतो आणि मुलाच्या बाबतीत पैशाचा. खरं तर दोघांच्या बाबतीत दोन्ही सारखेच बघायला हवेत.

आता नीट. एकूण १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. कोरोनानंतर काही वर्षं पर्यायी प्रश्न आणि जादा वीस मिनिटं होती, ती २०२५पासून गेली. २०२१ ते २०२४च्या प्रश्नपत्रिका सोडवताना हा फरक ध्यानात ठेवा, नाहीतर वेळेचा अंदाज चुकतो.

‘नीट क्वालिफाय झालो’ या शब्दांनी फार घोळ केला आहे. पात्रतेची रेषा पर्सेंटाइलवर असते, टक्क्यांवर नाही. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल, म्हणजे बसलेल्यांपैकी साधारण अर्धे खाली राहिले की झालं. २०२५ला ही रेषा ७२०पैकी १४४ गुणांवर आली. त्या वर्षी परीक्षेला बसले सुमारे २२ लाख ९ हजार, पात्र ठरले सुमारे १२ लाख ३६ हजार, आणि देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरलेल्या दहांतल्या एकालाच जागा. त्यातही सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. क्लासच्या फलकावर ‘क्वालिफाय’ मुलांचे फोटो बघून वर्षाचे पैसे भरू नका. किती जणांना सरकारी कॉलेज मिळालं ते विचारा.

मागच्या वर्षीचे मार्क पाठ करण्यातही अर्थ नाही. २०२४च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२०पैकी ७२० होते. २०२५ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. एकाच तयारीचा मुलगा एका वर्षी सहाशेच्या वर जाईल आणि पुढच्या वर्षी पाचशेच्या खाली राहील. म्हणून कटऑफ बघायचा तो रँकचा. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या कॅप राऊंडच्या याद्या असतात. आपल्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश कुठल्या ऑल इंडिया रँकवर थांबला ते पहिल्या राऊंडचं आणि शेवटच्या राऊंडचं लिहून घ्या. तोच तुमचा पल्ला.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो क्लासवाले तुमच्यासाठी करत नाहीत. पदवीचे मार्क कुणी विचारणार नाही हे खरं, पण ते कमी का पडले हे तुम्ही स्वतःला विचारायलाच हवं. बीएस्सीच्या तीन वर्षांत जे आडवं आलं तेच नीटच्या वर्षात येणार आहे, आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात तर जास्तच.

आपल्याकडे सर्रास दिसणारं कारण म्हणजे बीएस्सी मनापासून घेतलेलीच नसते. बारावीनंतर नीटला नंबर लागला नाही, वर्ष वाया जायला नको म्हणून संगमेश्वर, दयानंद किंवा वालचंदला प्रवेश घेतला, आणि शेजारी रिपीट चालू ठेवलं. प्रॅक्टिकलच्या दिवशी क्लास बुडतो, क्लासच्या टेस्टच्या दिवशी कॉलेज बुडतं. मे महिन्यात नीट आणि त्याच्या पुढे-मागे विद्यापीठाची परीक्षा. शेवटी दोन्हीकडे अर्धवट. अशा मुलाची अडचण बुद्धीची नसते. एक वर्ष एकाच गोष्टीला दिलं तर तो झपाट्यानं वर येतो, आणि याच मुलांना मी रिपीट करा म्हणतो.

दुसरं कारण घरचं असतं. वडिलांचं आजारपण, दुकानात बसावं लागणं, पहाटे दुधाची किंवा पेपरची लाइन, संध्याकाळी शिकवण्या. अशा मुलाला ‘झोकून दे’ म्हणणं सोपं आहे. पण ते ओझं उतरलेलं नसेल तर पुढचं वर्षही तसंच जाणार. आधी त्या कामाची काहीतरी व्यवस्था, मग नीट. एक वर्ष नोकरी करून तयारीचे पैसे साठवणं यात काही कमीपणा नाही. वयाची अट नाहीच आहे, तिचा फायदा घ्यायचा तो इथे.

तिसरा प्रकार म्हणजे अभ्यास केला, वेळ दिला, तरीही मार्क आले नाहीत. इथे घरच्यांनी आणि मुलानं दोघांनी धीर धरून कारण शोधावं लागतं. वाचलेलं समजत नाही, की समजलेलं आठवत नाही, की आठवलेलं इंग्रजीत लिहिता येत नाही? दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी, यात अडकलेली मुलं बीएस्सीच्या लेखी पेपरात मागे पडतात. नीटला लिहायचं नसतं, चारांतला एक गोल काळा करायचा असतो. या मुलांना तिथे कधी कधी बरंच चांगलं जमतं. शिवाय नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, तिच्यात शेजारी इंग्रजीही असतं. पण अकरावी-बारावीचं विज्ञान तुम्ही इंग्रजी संज्ञांतून शिकलात. सराव ज्या भाषेत केला त्याच भाषेचा पर्याय निवडा.

चौथं कारण कुणी बोलत नाही. झोप लागत नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळं कोरं होतं. असं असेल तर नव्या क्लासचा काही उपयोग नाही. ‘सिव्हिल’मध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढून एकदा दाखवा. ज्या इमारतीत शिकायचं स्वप्न बघता तिथे रुग्ण म्हणून जायला लाजू नका.

कारण सापडलं की स्वतःची एक चाचणी घ्या. काहीही उजळणी न करता जुनी प्रश्नपत्रिका, दुपारी दोन ते पाच, ओएमआर शीट आणि बॉलपेन घेऊन. मार्क किती पडले याला त्या दिवशी फार महत्त्व नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: येतच नव्हतं, येत होतं पण घाई झाली, की अंदाजानं ठोकलं. बीएस्सी सीबीझेड झालेल्या मुलाचा निकाल मला न बघता सांगता येतो. बायोलॉजीत बरे, केमिस्ट्रीत ऑरगॅनिक थोडंफार, आणि फिजिक्स जवळजवळ शून्य. तीन वर्षं फिजिक्सचं पुस्तक उघडलेलं नसतं आणि गणित तर अकरावीलाच सोडलेलं असतं.

म्हणून पदवीधरानं सुरुवात बायोलॉजीनं करू नये. तिथे मन रमतं हीच पंचाईत आहे. पहिले दीड-दोन महिने फिजिक्सला द्या, तेही अकरावीच्या मेकॅनिक्सला: व्हेक्टर, गतीचे नियम, कार्य-ऊर्जा, फिरणाऱ्या वस्तू. आणि त्याआधी आठ-दहा दिवस निव्वळ गणित. लॉग, त्रिकोणमितीची सूत्रं, साधं डिफरन्शिएशन, दशांशातले भागाकार हातानं. कॅल्क्युलेटर परीक्षेत नसतो. दारात उभं राहून एखाद्या गणिताच्या शिक्षकाला विनंती केली तर एवढं कुणीही शिकवेल. त्यासाठी लाखाची बॅच लागत नाही.

बायोलॉजीत पदवीधराचं उलटं होतं, त्याला जास्त माहिती असते. झूऑलॉजीच्या संदर्भग्रंथात जे अपवाद वाचले ते आठवून तो बरोबर उत्तर खोडतो. नीट विचारते एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं, कित्येकदा त्यातल्याच वाक्यांतून आणि आकृत्यांतून. ती दोन पुस्तकं ओळ न ओळ पाठ झाली पाहिजेत. राज्य मंडळाची पुस्तकं चांगली आहेत, पण नीटसाठी ती दुसऱ्या क्रमांकावर. २०२४ला अभ्यासक्रम बदलला, काही धडे गेले. भावाची जुनी नोट्सची फाइल वापरत असाल तर नव्या अभ्यासक्रमाशी ताडून बघा.

लातूरला जावं का? सोलापुरातून तुळजापूर-औसामार्गे तीन तासांचा रस्ता, आणि दर जूनमध्ये या मार्गावरच्या एसटीत गाद्या-पेट्या घेऊन निघालेली मुलं दिसतात. लातूरचा फायदा म्हणजे तिथे सगळं गाव एकाच कामाला लागलेलं असतं. खोली, मेस, टेस्ट सिरीज, सगळं त्याच घड्याळावर. अठरा वर्षांच्या मुलाला याची गरज असते. बावीस वर्षांच्या पदवीधराला बॅचमधली मुलं चार वर्षांनी लहान, शिकवण्याचा वेग त्यांच्यासाठी आखलेला आणि बायोलॉजीचा अर्धा वेळ त्याच्या दृष्टीनं फुकट. घरी अभ्यास होतच नसेल तर लातूरला जा. होत असेल तर सोलापुरातच अभ्यासिका, फिजिक्सपुरती शिकवणी आणि एक चांगली टेस्ट सिरीज पुरे. पैसे वाचतील ते पुढे प्रवेशाच्या वेळी अनामत रकमांना लागणारच आहेत.

एक गोष्ट हवामानाची. नीट बहुधा मेच्या पहिल्या रविवारी दुपारी असते. दीड वाजता फाटक बंद होतं, त्याआधी तासभर रांग आणि तपासणी. मे महिन्यातला सोलापूरचा दुपारचा पारा कुणाला सांगायला नको. वर्षभर पहाटे चारला उठून अभ्यास केलेला मुलगा दुपारी दोनला पेंगतो. फेब्रुवारीपासून सगळ्या सराव परीक्षा दुपारीच द्या, आणि एसीत देऊ नका.

थांबायचं कधी, हे वर्ष सुरू करतानाच ठरवा आणि घरी सांगून टाका. माझी कसोटी अशी. पहिल्या चाचणीपासून डिसेंबरपर्यंत पूर्ण प्रश्नपत्रिकांचे गुण वर जात राहिले असतील, तर त्या वर्षी थोडक्यात हुकलं तरी आणखी एक वर्ष द्यायला हरकत नाही. सहा महिने खरा अभ्यास करूनही आकडा जागेवरच असेल तर तिसऱ्या-चौथ्या रिपीटनं तो हलणार नाही. पदवी अजून चालू असेल तर ती सोडू नका. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची आणि पुन्हा आत यायची सोय आहे. कॉलेजच्या कार्यालयात तुमचे क्रेडिट एबीसी, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा झालेत का ते बघून मगच एक वर्ष बाहेर राहा.

आत गेल्यावरही सगळं सुटलं असं नाही. आयोगाच्या २०२३च्या नियमांनी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला चारच संधी ठेवल्या आहेत आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत पुरा करावा लागतो. ॲनॉटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री एकाच वर्षात येतात. एटीकेटीची सवय इथे महाग पडते.

परदेशातल्या एमबीबीएसबद्दल थोडक्यात. जूनपासून सोलापुरातल्या हॉटेलांमध्ये सेमिनार लागतात, आणि बार्शी-मोहोळकडचे पालक एखादा एकर काढायचा विचार करत तिथे बसलेले असतात. जाहिरातीत ‘नीटची गरज नाही’ असं असेल तर तिथूनच उठा. परत येऊन इथे डॉक्टरी करायची असेल तर नीट पात्रता लागतेच. आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे तिथला अभ्यासक्रम इंग्रजीतून, कमीत कमी ५४ महिन्यांचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्यास पात्र असा हवा. परत आल्यावर ३००पैकी १५० गुण लागणारी परीक्षा आणि इथे पुन्हा वर्षाची इंटर्नशिप. त्या परीक्षेत अलीकडच्या बहुतेक खेपांना पाचातला एक, फार तर चारातला एक उत्तीर्ण होतो. पदवीला अभ्यासाची सवय लागली नाही म्हणून मार्क कमी पडले असतील, तर परक्या देशात एकटं राहून ती लागेल अशी आशा जमीन विकून करू नये.

इथल्या खासगी जागांबद्दलही तेच. एमबीबीएसची प्रत्येक जागा, मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूशनल कोट्याचीसुद्धा, नीटच्या यादीतून आणि अधिकृत फेरीतूनच भरली जाते. ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्याला चहाही पाजू नका.

सोलापुरात १९६३पासूनचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कुंभारीला अश्विनीचं खासगी कॉलेज आहे. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा ऑल इंडियाच्या, ८५ टक्के राज्याच्या. २०२०पर्यंत विभागवार ७०-३०ची वाटणी होती, ती गेल्यामुळे सोलापूरच्या मुलाला आता लातूर, नांदेड, नागपूरही तितकंच मोकळं आहे; चॉइस फिलिंगला फक्त पुणे-मुंबई-सोलापूर भरून थांबू नका. बीएएमएस आणि बीएचएमएसलाही नीटच लागते, फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात, बीएस्सी नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी आहे. बीएएमएसला ‘मिळालं नाही म्हणून’ जाणारी मुलं तिथेही बीएस्सीचीच कथा पुन्हा लिहितात. जायचं तर एकदा जैन आयुर्वेद रुग्णालयाच्या ओपीडीत दिवसभर बसून बघून मग जा.

राहिले कागद. राज्य कोट्यासाठी अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूरच्या ज्या मुलांनी इंडी किंवा विजयपूरला बारावी केली, त्यांना याचा फटका बसतो. सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी वेगळी तरतूद आहे, ती माहितीपुस्तिकेत बघून घ्या. पदवीनंतर घरी राहिलेल्या काळाचं गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. एमएस्सीला प्रवेश घेतला असेल तर मूळ कागद त्या कॉलेजात अडकलेले असतात. ते सोडवायला किती दिवस आणि किती फी लागेल ते आधीच विचारा, कारण फेरीत हजर व्हायला तीन-चार दिवसच मिळतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेअरची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंतची हवी. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना कॅपमधून मिळालेल्या जागेवर २०२४च्या शासन निर्णयानं फी माफ आहे, त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागेल. आणि जात वैधता. बीएस्सीला ती कुणी मागितली नव्हती म्हणून काढलेली नसते, आणि मेडिकलला तिच्याविना राखीव जागा हातातून जाते. पडताळणी समितीला आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळं लागतं आणि प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. तेव्हा क्लासची चौकशी करायच्या आधी तो अर्ज भरून पावती घ्या.